टाके, स्टेपल आणि डोक्यामागचा व्रण

प्रश्न : माझे वय ३६ आहे. नऊ महिन्यांपूर्वी माझ्यावर पट्टी काढण्याच्या पद्धतीने, म्हणजे एफयूटी पद्धतीने, केशरोपण झाले. पुढचे केस चांगले उगवले. परंतु डोक्याच्या मागे आडवा व्रण राहिला असून मध्यभागी तो सुमारे चार मिलिमीटर रुंद आहे. केस बारीक कापले की तो लगेच नजरेत भरतो. जखम स्टेपलने बंद केली होती. टाके घातले असते तर व्रण बारीक राहिला असता का? एफयूई, म्हणजे पट्टी न काढता एकेक केशगुच्छ काढण्याची पद्धत, वापरली असती तर व्रण राहिलाच नसता, हे खरे आहे का?

उत्तर : स्टेपलला दोषी ठरवण्याची घाई करू नये. व्रणाची रुंदी जखम कशाने शिवली यापेक्षा ती शिवताना कडांवर किती ताण होता, यावर अधिक अवलंबून असते. एफयूटीमध्ये साधारण एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढतात आणि उरलेल्या दोन कडा ओढून एकत्र आणतात. टाळूच्या त्वचेखाली एक चिवट पडदा असल्यामुळे ही त्वचा पोटावरच्या त्वचेसारखी सहज ताणली जात नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी सर्जन डोक्यामागची त्वचा तळव्याने वर-खाली सरकवून पाहतात. ती जितकी सैल, तितकी रुंद पट्टी काढणे सुरक्षित ठरते.

दहा-चौदा दिवसांनी टाके किंवा स्टेपल काढतात, तेव्हा जखम बाहेरून जुळलेली दिसते. पण तिला मूळ त्वचेच्या ताकदीचा अगदी थोडा अंशच प्राप्त झालेला असतो. ती ताकद सुमारे तीन महिन्यांत जास्तीत जास्त ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते, पूर्ववत कधीच होत नाही. मधल्या काळात कडांवरचा ताण कोवळ्या व्रणाला हळूहळू रुंदावत राहतो. टाके काढताना रेघेसारखा दिसणारा व्रण चौथ्या महिन्यात पट्टीसारखा का होतो, याचे उत्तर येथे आहे. पट्टी मानेच्या फार जवळून काढली असेल, तर मानेच्या हालचालींमुळे ही ओढ आणखी वाढते.

दोन्ही साधनांचे स्वभाव मात्र वेगळे आहेत. स्टेपल त्वचेला आवळून धरत नाही, त्यामुळे लगतच्या केशमुळांचा रक्तपुरवठा सहसा टिकतो; मात्र त्या धातूवर डोके टेकवून झोपणे त्रासाचे असते. टाके रुग्णाला अधिक सुसह्य असतात, पण फार आवळले तर शेजारची केशमुळे मरतात, आणि व्रण मुळात बारीक असूनही त्याच्या कडेची केस नसलेली त्वचा त्यात मिसळून तो रुंद भासतो. माझ्या मते, खोलवर विरघळणारे टाके घालून पृष्ठभागावरचा ताण कमी केला होता का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे. त्याचप्रमाणे ‘ट्रायकोफायटिक’ पद्धतीने एका कडेचा वरचा पातळ थर छाटला होता का, हेही विचारावे. या पद्धतीत छाटलेल्या कडेची केशमुळे व्रणाखाली येतात आणि त्यांचे केस व्रणातून उगवतात. व्रण त्याने बारीक होत नाही, झाकला जातो.

एफयूईने व्रण राहत नाही, हे विधान चुकीचे आहे. त्यात एक मिलिमीटरपेक्षा लहान पंचने, म्हणजे गोल पोकळ पात्याने, एकेक केशगुच्छ काढतात, ती छिद्रे न शिवता आपोआप भरू देतात आणि प्रत्येक ठिकाणी पांढुरका ठिपका राहतो. ०.९ मिलिमीटर व्यासाची २००० छिद्रे धरल्यास जखमांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १२.७ चौरस सेंटिमीटर भरते. एफयूटीच्या २५ सेंटिमीटर लांब व दोन मिलिमीटर रुंद व्रणरेषेचे भरते अवघे पाच. फरक एवढाच की ठिपके विखुरलेले असल्याने केस बारीक ठेवूनही सहसा लपतात. एकाच भागातून प्रमाणाबाहेर केस काढले, तर मात्र तो भाग कसर लागल्यासारखा विरळ दिसतो आणि त्यावर इलाज फारसा नसतो.

आपल्या बाबतीत वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावे, कारण तोपर्यंत व्रणाचा रंग व पोत बदलत असतो. तो उंच, कडक किंवा खाजरा असेल, तर मात्र न थांबता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा व्रणात स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा उपयोग होतो. व्रण सपाट पण रुंद असेल, तर एफयूईने काढलेले केस त्यात लावता येतात. व्रणाचा रक्तपुरवठा कमी असल्याने तेथे ते विरळ लावावे लागतात आणि सगळेच जगतील असे नाही. टाळूवर बारीक केसांसारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांचे रंगकाम करून घेणे हाही एक मार्ग आहे. व्रण कापून पुन्हा शिवण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी त्वचेची सैलता तपासून घ्यावी, कारण मूळ कारण ताण असेल तर दुसरा व्रणही रुंदावेल. त्या भेटीला जाताना पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद सोबत न्यावी. पट्टीची रुंदी आणि शिवण्याची पद्धत त्यात लिहिलेली असायला हवी.