नवा समुद्री मासा दोन दिवसांत का जातो?

तुमचा नवा मासा दोन दिवसांत मेला म्हणून मत्स्यटाकीचा छंद सोडू नका. तो का मेला, हे बहुतेकदा सापडतं.

आधी खारटपणा बघा. परजीवी आटोक्यात राहावेत आणि मीठही वाचावं म्हणून बरेच दुकानदार पाणी कमी खारट ठेवतात, विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०१९ च्या आसपास. तुमच्या टाकीत १.०२५ असेल, तर घाईने सोडलेल्या माशाच्या अंगातलं पाणी ओढलं जातं. वरून धडधाकट दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तळाशी पडलेला असतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण, घ्याच. क्वारंटाइन टाकी (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी) दुकानाच्या आकड्यावर ठेवा, मग काही दिवसांत हळूहळू चढवा.

पार्सलने आलेली पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो.

नेहमीच्या चुका:
- टाकी सायकल होण्याआधी, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट संपवणारे जिवाणू टाकीत वाढण्याआधी, मासे आणणं. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य हवेत.
- एकदम चार-पाच मासे सोडणं.
- मासा दुकानात खातोय का, हे न बघता घेणं. हे फार महत्त्वाचं!

पुढचा मासा समुद्रातून पकडलेला नको, टाकीतच पैदास झालेला क्लाउनफिश घ्या, तो चिवट असतो. औषध द्यायचं का, ते नंतर बघू. आधी तुमच्या पाण्याचे आकडे कळवा.