भाऊ रान विकायला निघालाय, मला ते राखायचंय

ताई, तुमचं सगळं वाचलं. संगमेश्वर तालुक्यातली ११ एकर जागा, वडील मृत्युपत्र न करता गेले, सातबाऱ्यावर तुम्ही आणि दोन भाऊ, धाकट्याला लाकूडवाल्याला देऊन मोकळं व्हायचंय आणि एक निसर्गसंस्था म्हणतेय की बक्षीसपत्र करा, आम्ही कायम जपू.

बक्षीसपत्रावर घाईने सही करू नका. कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकताच काय, फुकट किंवा भाडेपट्ट्यानेसुद्धा देता येत नाही, त्याला कलेक्टरची परवानगी लागते, ती नसेल तर जमीन सरकारजमा व्हायची वेळ येते. संस्था कितीही चांगली असू दे.

तुमचा मुलगा अमेरिकेतलं सांगतो ते खरंय, तिकडे लँड ट्रस्ट, म्हणजे जमीन जपणाऱ्या संस्था, जमीन न घेता नुसते बांधकामाचे वगैरे हक्क लिहून घेतात आणि ते पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतात. आपला १८८२ चा सुविधाधिकार (ईझमेंट) कायदा मात्र असा हक्क शेजारच्या जमिनीच्या फायद्यासाठीच मानतो, म्हणजे वाट, पाणी वगैरे, आणि या संस्थेची तिथे गुंठाभरही जागा नाही. साधा करार करा हवा तर, तो तुम्हाला बांधेल, पण उद्या भावाकडून घेणाऱ्याला तो धरेलच असं नाही.

म्हणून खरं काम भावाशी आहे. तो स्वतःचा अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा विकू शकतो, पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ ने तो आधी घ्यायचा हक्क तुम्हा दोघांचा, आणि शेतजमिनीलाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. तशी नोटीस वकिलाकडून लगेच पाठवा. ऐन, किंजळ, हिरडा हे १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, तेव्हा सहहिस्सेदार म्हणून वनखात्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

तिघं राजी झालात तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-क खाली समुदाय राखीव क्षेत्रासाठी, म्हणजे मालकांनी स्वखुशीने वन्यजीवांसाठी राखलेल्या जागेसाठी, अर्ज करता येतो, मालकी तुमचीच राहते. पण मग जमिनीचा वापर बदलायला त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते, नातवाला तिथे घर बांधायचं झालं तरी. हे मोठ्या भावाला आधीच स्पष्ट सांगा.

आणि हो, सातबाऱ्यावर इतर हक्कात 'खाजगी वन' अशी नोंद आहे का बघा, जुन्या फेरफारांसकट. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा बऱ्याच जमिनी सरकारकडे गेल्या. नोंद असली तर नोटीसबिटीस नंतर, आधी तो कागद मला पाठवा.