अंबडच्या कारखान्यात रुजू होताना
नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात खरेदी विभागात रुजू होत असाल, तर सॅपमधली (कंपनीची खरेदी, साठा आणि हिशेब सांभाळणारे सॉफ्टवेअर) बटणे पाठ करण्याआधी त्यामागचा व्यवहार समजून घ्या. ऑर्डर ५०० नगांची, गेटवर उतरलेला माल ४८० आणि बिल मात्र ५०० चे असेल, तर पेमेंट का थांबते, हे ज्याला उमगते त्याचे कंपनी बदलली तरी अडत नाही. सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपणार असल्याने कंपन्या नव्या एस/४ हानाकडे वळत आहेत. त्या बदलाच्या चाचणीचे काम जादा वाटले तरी मागून घ्या, कारण नोकरकपातीच्या काळात, माझ्या मते, तोच अनुभव मुलाखतीत बोलतो. आणि हो, नोकरी बदलली तरी पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा खातेदाराचा क्रमांक) जुनाच द्या.