तीन गुणांचा फरक म्हणजे नक्की किती?

वाचकांचे प्रश्न : रेट सिंड्रोम आणि औषधांच्या चाचण्या

रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा जनुकीय आजार साधारण १०,००० मुलींमागे एकीला होतो. पहिले सहा ते अठरा महिने वाढ ठीक वाटते. मग हाताने वस्तू धरणं आणि बोलणं मागे पडतं, आणि हात सतत चोळणं, पिळणं सुरू होतं. या आजारावरच्या संशोधनाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. लक्षणं सगळी रेटची, पण जनुकतपासणी निगेटिव्ह आली. मग हा आजार नाही असं धरायचं का?

नाही. आधी रिपोर्टवर तपासणीचं नाव वाचा. नुसतं सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं एकेक करून वाचणं) झालं असेल, तर एमईसीपी२ जनुकाचा, म्हणजे ज्यातल्या दोषाने बहुतेकदा रेट होतो त्या जनुकाचा, मोठा तुकडाच गळालेला असताना तो दोष निसटू शकतो. त्यासाठी एमएलपीए ही गळालेले किंवा जादा तुकडे शोधणारी तपासणी वेगळी सांगावी लागते. तीही स्वच्छ आली तर सीडीकेएल५ आणि फॉक्सजी१ ही जनुकं पाहतात. त्यांतल्या दोषांनी होणारे आजार रेटसारखे दिसतात, पण आता ते वेगळे मानले जातात.

रेटचं निदान मुळात लक्षणांवरच होतं. २०१० च्या निकषांप्रमाणे आलेली कौशल्यं गमावण्याचा काळ दिसायला हवा, आणि त्यासोबत चार गोष्टी: हातांचा हेतुपूर्वक वापर जाणं, बोलणं जाणं, चाल बिघडणं, हातांच्या त्याच त्या हालचाली. तरीही जनुकाचा शोध अर्धवट सोडू नका. औषधचाचण्यांत प्रवेश देताना बहुतेक वेळा एमईसीपी२ मधला दोष कागदावर मागतात.

प्रश्न : दुसऱ्या बाळालाही होईल का?

शक्यता एक टक्क्याहून कमी. दोष बहुतेकदा नव्यानेच, आणि तोही बहुधा वडिलांच्या शुक्रपेशीत घडलेला असतो. शून्य मात्र म्हणता येत नाही. एखाद्या पालकाच्या काही बीजपेशींतच दोष असेल तर तो रक्तात दिसत नाही, आणि क्वचित आई स्वतः लक्षणांशिवाय वाहक असते. मुलीतला नेमका दोष माहीत असेल तर आईची तपासणी करून घ्या. पुढच्या गरोदरपणात गर्भाचीही तपासणी करता येते.

प्रश्न : ट्रोफिनेटाइड हे रेटवरचं पहिलं औषध म्हणतात. मुलीत फरक किती पडेल?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते मार्च २०२३ मध्ये, दोन वर्षांपुढच्या रुग्णांसाठी मंजूर केलं. आधार होता 'लॅव्हेंडर' या चाचणीचा. ५ ते २० वर्षांच्या १८७ मुली आणि तरुणी, बारा आठवडे, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव.

मोजमाप दोन होती. पहिलं, पालकांनी भरायची ४५ प्रश्नांची वर्तनप्रश्नावली. प्रत्येक प्रश्नाला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे एकूण ९० पर्यंत, आणि गुण जितके कमी तितकं बरं. औषधाच्या गटात गुण सरासरी ४.९ ने उतरले, प्लासिबोच्या गटात १.७ ने. दुसरं मोजमाप डॉक्टरांचं, १ ते ७ च्या पट्टीवर. त्यात ४ म्हणजे 'फरक नाही', आणि त्याखाली सुधारणा. तिथे औषधाला ३.५ आणि प्लासिबोला ३.८.

फरक खरा आहे, योगायोगाचा नाही. पण तो ९० पैकी तीनेक गुणांचा आहे. ही सरासरी असल्यामुळे कुणाला बराच उपयोग झाला, कुणाला काहीच नाही. बातम्यांतला 'पहिलं औषध' हा शब्द बरोबर आहे, त्याला 'इलाज' म्हणणं चूक. औषध न घेताही १.७ गुण कमी झाले, हा आकडाही विसरू नका. आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना सुधारणा दिसतेच, म्हणून तर प्लासिबो गट लागतो.

प्रश्न : त्याने जुलाब फार होतात असं वाचलं. खरं का?

खरं आहे. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या ८०.६ टक्के जणींना जुलाब झाले, प्लासिबोवर १९.१ टक्के. उलट्या २६.९ टक्क्यांना. त्रासामुळे १७.२ टक्के जणींनी औषध सोडलं.

मात्राही थोडीथोडकी नाही. २० ते ३५ किलोच्या आतल्या मुलीला दर वेळी ४० मिली, दिवसातून दोनदा, तोंडाने किंवा पोटातल्या नळीतून. रेटच्या मुलींना बद्धकोष्ठ असतंच, त्यामुळे बहुतेकींना रेचक चालू असतं. ते तसंच ठेवून हे औषध सुरू केलं की दोन्ही एकत्र काम करतात आणि मूल सुकतं. सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारून रेचक बंद करा. जुलाब लागले तर त्यांना लगेच कळवा, पाणी वाढवा. जुलाब थांबवणारं औषध, मात्रा कमी करणं किंवा काही दिवस खंड देणं, हे त्यांनीच ठरवायचं. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा, कारण घट हळूहळू होते आणि अंगावर उशिरा दिसते. मात्रा घेतल्यावर उलटी झाली तर ती मात्रा परत देऊ नका. पुढची ठरल्या वेळीच द्या.

प्रश्न : एखाद्या चाचणीत नाव द्यायचं तर आधी तयारी काय करावी?

आधी 'सुरुवातीची स्थिती' पकडून ठेवा. दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ घ्या: तीच जागा, तीच खुर्ची, तीच वेळ. एकात मोबाइल समोर ठेवून हात आणि चेहरा, दुसऱ्यात बाजूने चालणं, तिसऱ्यात कपडे सैल करून छाती दिसेल असा श्वास. रेटमध्ये जाग असताना श्वास भराभर चालतो आणि मध्येच थांबतो. आकडीसारखे वाटणारे प्रसंग वेगळ्या फायलीत ठेवा. त्यातले बरेचसे आकडीचे नसतात, आणि ते व्हिडिओ-ईईजीशिवाय (चित्रीकरणासोबत मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद) ठरत नाही. नेहमी चुकतं ते हे की फक्त चांगले दिवस टिपले जातात. मग सुधारणा झाली तरी ती मोजता येत नाही.

प्रश्नावली दर वेळी एकाच व्यक्तीने भरावी. एकदा आईने, एकदा आजीने भरली की मुलगी तशीच राहून गुण बदलतात. चाचणीआधीचे काही आठवडे आकडीच्या गोळ्या आणि थेरपीचे तास बदलू नयेत, असा नियमही सहसा असतो. ईसीजी हवाच. या आजारात क्यूटी हा काळ (ईसीजीवर दिसणारा, प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असू शकतो, आणि काही साधी अँटिबायोटिक्ससुद्धा तो आणखी लांबवतात.

प्रश्न : जनुकात दोष आहे तर चांगलं जनुक घालून का देत नाहीत?

तेच चाललंय. २००७ मध्ये एडिनबर्गला एड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की लक्षणं आलेल्या उंदरांत एमईसीपी२ पुन्हा चालू केलं तर ती बरीचशी मागे फिरतात. अडचण प्रमाणाची आहे. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असतं, त्यामुळे मेंदूतल्या साधारण निम्म्या पेशी आधीच ठीक असतात. त्यांच्यात जादा जनुक गेलं तर प्रथिन प्रमाणाबाहेर जातं, आणि एमईसीपी२ दुपटीने असणं हाही एक गंभीर आजारच आहे. म्हणून टीएसएचए-१०२ आणि एनजीएन-४०१ या चाचणीत असलेल्या दोन्ही जनुकथेरपींत प्रथिनाला लगाम घालणारी रचना जनुकासोबतच बसवली आहे. पहिली कण्यातल्या द्रवात टोचतात, दुसरी मेंदूच्या पोकळीत. २०२४ मध्ये एनजीएन-४०१ ची जास्त मात्रा घेतलेली एक सहभागी जनुक पेशींत नेणाऱ्या विषाणूमुळे शरीरात उसळलेल्या तीव्र प्रतिक्रियेने दगावली. ती मात्रा बंद झाली, कमी मात्रेची चाचणी पुढे गेली.

संमतिपत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट विचारा. जनुक वाहून नेणारा एएव्ही विषाणू एकदा दिला की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि पुढे याहून चांगली एएव्ही थेरपी आली तरी ती बहुधा घेता येत नाही. मुलीत ही प्रतिपिंडं आधीपासूनच असतील तर पहिल्या तपासणीतच नाव गळू शकतं, तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या.