कला संग्रहालयाच्या ट्रस्टमध्ये वित्तप्रमुख म्हणून काम करणं कसं असतं? कंपनीतला अनुभव तिथे उपयोगी पडतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सीए आहात, बारा वर्षं एका कारखान्याचे हिशेब बघताय, आणि आता एका ट्रस्टच्या कला संग्रहालयाकडून वित्तप्रमुख म्हणून विचारणा झाली आहे. पगार कमी आहे, "पण ना-नफा संस्था म्हणजे टार्गेट नाही, ताण कमी असेल," असं तुम्हाला वाटतंय. ते वाक्य वाचून हसू आलं, कारण मीही अगदी हेच मनाशी धरून इथे आले होते.

मीही सीएच. चौदा वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काढली आणि गेली नऊ वर्षं एका कला संग्रहालयाचा आर्थिक कारभार सांभाळते. संग्रहालयाचं नाव सांगत नाही. समुद्र जवळ आहे आणि पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो, एवढं पुरे.

विश्वस्त मंडळाची माझी पहिली सभा. मी ताळेबंद मांडला. बँक आणि ठेवी मिळून पावणेचार कोटी रुपये. एक विश्वस्त, जन्मभर कापडाचा घाऊक धंदा केलेले गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अहो ताई, पावणेचार कोटी पडलेत ना बँकेत? मग सिक्युरिटीवाल्याचं दोन महिन्यांचं बिल का अडलंय?" मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर तोच प्रश्न मलाही पडला होता.

पुढचे आठ-दहा दिवस मी फक्त जुन्या देणग्यांची पत्रं वाचली. काही टाइप केलेली, काही शाईच्या पेनाने लिहिलेली, एक तर लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. त्यातून जे हाती आलं ते असं: २ कोटी ६० लाख कॉर्पस, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. ७० लाख एका कंपनीने छपराच्या दुरुस्तीसाठी दिलेले. २२ लाख एका कुटुंबाने आजोबांच्या स्मरणार्थ, नवीन चित्रं विकत घेण्यासाठी. १४ लाख शाळकरी मुलांच्या कार्यशाळांसाठी. हे सगळं वजा केल्यावर उरले ९ लाख. आणि आमचा महिन्याचा खर्च तेव्हा ११ लाखांच्या घरात होता.

म्हणजे कोट्यवधींचं संग्रहालय एक महिनासुद्धा तग धरू शकत नव्हतं, आणि ताळेबंद बघून ते कुणालाच कळत नव्हतं.

तुमच्या नव्या नोकरीतला अर्ध्याहून जास्त भाग हाच असणार आहे. कंपनीत रुपया म्हणजे रुपया. इथे प्रत्येक रुपयाच्या गळ्यात चिठ्ठी असते: कोणी दिला, कशासाठी दिला, कधीपर्यंत वापरायचा. आमच्या ऑफिसात आम्ही साधे दोन शब्द वापरतो, 'बांधलेला' आणि 'मोकळा'. दर सभेला ताळेबंदाच्या आधी मी एक पानाचा तक्ता ठेवते, बांधलेला पैसा राखाडी रंगात, मोकळा हिरव्या. ते कापडवाले विश्वस्त आता सभेत शिरतानाच विचारतात, "ताई, हिरवे किती?"

मोकळा पैसा कमी का असतो, याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. चित्राच्या शेजारी 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी पितळी पाटी लावता येते. हवा थंड ठेवणाऱ्या चिलरच्या कॉम्प्रेसरवर पाटी कोण लावणार? वीजबिल, रखवालदार, विमा, वाळवीचा बंदोबस्त, हिशेबनीसाचा पगार, यातलं काहीही कुणाला आपल्या नावावर नको असतं. पण कागदावरची जलरंगातली चित्रं टिकतात ती नेमकी याच खर्चावर. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि हे सारखं होत राहिलं की रंग सुटतो, बुरशी धरते. कारखान्यात रात्रपाळी बंद केली की वीज वाचते. इथे रात्री प्रेक्षक नसले तरी साठवणीच्या खोलीतला एसी चालूच. मार्च २०२०मध्ये आमचं दार बंद झालं, तिकिटाचं उत्पन्न शून्यावर आलं आणि वीजबिल मात्र एक चतुर्थांशच कमी झालं. त्यात ठेवींचे दर घसरले. कॉर्पसच्या व्याजावर जगणाऱ्या संस्थेला ते दर म्हणजे पाऊसपाणीच.

एका जुलैमधली गोष्ट. रात्री दोन वाजता आमच्या संवर्धक बाईंचा, म्हणजे चित्रांची जपणूक-डागडुजी बघणाऱ्या बाईंचा फोन, "कॉम्प्रेसर बसलाय, खोलीत आर्द्रता ७८ टक्के." त्यांना हवेतला ओलावा शोषणारी मोठी डीह्युमिडिफायर यंत्रं भाड्याने आणायची होती, लगेच. आमचा नियम असा की पन्नास हजारांवरच्या खर्चाला तीन कोटेशन आणि दोन विश्वस्तांच्या सह्या. एक विश्वस्त उटीला, दुसरे मुलीकडे सिंगापूरला. मी फोनवरच हो म्हटलं आणि सकाळी सगळ्यांना ईमेल टाकली. पुढच्या सभेत त्यावरून चाळीस मिनिटं बोलणी खाल्ली. मग मीच ठराव मांडला, की संग्रहाला धोका असेल तर दीड लाखापर्यंतचा खर्च वित्तप्रमुख आणि संवर्धक दोघांच्या संमतीने करता यावा. झाला मंजूर. तुम्ही रुजू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत असा ठराव करून घ्या. जुलैची वाट बघू नका.

वीजबिलावर मी शोधलेला उपाय काही फार हुशारीचा नाही, कारखान्यातलं कॉस्टिंग, म्हणजे प्रत्येक कामाचा पूर्ण खर्च मोजणं, इकडे आणलं इतकंच. बारा जलरंगांच्या संवर्धनाचा प्रस्ताव एका कंपनीला द्यायचा होता. संग्रह आणि प्रदर्शनं बघणाऱ्या आमच्या क्युरेटरने केलेल्या अंदाजपत्रकात जपानी टिश्यू, आम्लरहित माउंटबोर्ड आणि संवर्धकाचं मानधन, एवढंच होतं. मी त्यात साठवणीच्या खोलीची सहा महिन्यांची वीज, रखवालदारांच्या पगाराचा हिस्सा, विमा आणि माझ्या सहकाऱ्याचे हिशेबाचे दिवस घातले. रक्कम जवळजवळ दीडपट झाली. क्युरेटर माझ्यावर चिडल्या, "एवढी मोठी रक्कम बघून ते पळून जातील." कंपनीच्या माणसाने एकच प्रश्न विचारला: "हे आधीच्या प्रस्तावांत का नव्हतं?" आता आमचा एकही प्रस्ताव या हिश्श्याशिवाय बाहेर जात नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. तुम्ही सीए आहात, बारकावे वाचून घ्यालच. कंपनीतून आल्यावर डोकं उलटं फिरवावं लागतं ते ८५ टक्क्यांपाशी. वर्षाच्या उत्पन्नातला निदान ८५ टक्के भाग त्याच वर्षी संस्थेच्या उद्देशासाठी खर्च व्हायला हवा. नाही झाला तर कशासाठी मागे ठेवतोय ते सांगून मुदतीत फॉर्म भरायचा, आणि ती रक्कम पाच वर्षांत वापरायची. फॉर्म राहिला की करसवलतीवर पाणी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, हे गणित तेच राहिलं. देणगीदाराला करवजावट देणारं कलम आमच्या तोंडी तर अजून जुन्या नावाने '८०जी'च आहे. आणि त्या ८०जीचंही एक दुखणं आहे: नव्या कररचनेत जाणाऱ्या माणसाला देणगीची वजावट मिळत नाही. पूर्वी मार्चमध्ये "पावती मिळेल ना?" असे फोन यायचे, ते आता निम्म्यावर आलेत.

मार्चमधले दुसरे फोन सीएसआरवाल्यांचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाचं काम बघणाऱ्यांचे. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे, पण शाळा-दवाखान्यांपुढे आमचा नंबर शेवटचा. मग २० मार्चला फोन येतो, "पंधरा लाख उरलेत, ३१च्या आत बिलांसकट खर्च दाखवाल का?" चित्राचं संवर्धन अकरा दिवसांत होत नसतं. मी अशा वेळी दोन-तीन तयार कामं यादीत ठेवते, रॅक, प्रकाशयोजना, अग्निशमन यंत्रणा, ज्यांची कोटेशन आधीच आलेली असतात. सुरुवातीला एकदा मोहाला बळी पडून नको असलेला टचस्क्रीन घेतला. तो अजून तळघरात आहे.

परदेशी देणगीचा गुंता मात्र नीट समजून घ्या, कारण आपली माणसं तिथेच दुखावतात. न्यू जर्सीतल्या एका मराठी बाईंनी आईच्या नावाने एका चित्राच्या संवर्धनाला पैसे द्यायचं ठरवलं आणि मुंबईतल्या भावाकडून आमच्या खात्याचा नंबर मिळवला. नशिबाने पाठवण्याआधी फोन केला. त्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत ती परदेशी देणगी. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. त्यांच्याच शेजारी राहणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून पाठवले तर ती साधी देणगी. "म्हणजे मी परकी झाले का?" असं त्या म्हणाल्या तेव्हा मला काय बोलावं सुचेना. आमची नोंदणी आहे, पैसे रीतसर आले, चित्र आता भिंतीवर आहे. पण बाई त्यानंतर कधी फोनवर पूर्वीसारख्या मोकळेपणाने बोलल्या नाहीत.

आता संग्रहाबद्दल. आमच्या पुस्तकांत दान आलेल्या संपूर्ण संग्रहाची किंमत एक रुपया आहे. पहिल्यांदा बघून मला वाटलं शून्यं गळलीत. पण तेच बरोबर आहे, कारण ते विकायला ठेवलेलं नाही. मात्र तेच चित्र प्रदर्शनासाठी बाहेर जायला निघालं की एक रुपयाचे कोटी होतात: 'नेल-टू-नेल' विमा घ्यावा लागतो, म्हणजे आमच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून उतरल्यापासून परत त्याच खिळ्यावर चढेपर्यंत. हप्ता कोण भरणार हे करारात आधी लिहून घ्या, नंतर सगळे वर बघतात.

"अडचण आली तर एखादं चित्र विकू," असं कुणी विश्वस्त कधीतरी म्हणणारच. त्यांना डेट्रॉइटची गोष्ट सांगा. २०१३च्या जुलैमध्ये ते शहर दिवाळखोरीत गेलं. तिथल्या कला संग्रहालयाचा संग्रह शहराच्या मालकीचा होता, त्यामुळे घेणेकऱ्यांची नजर भिंतींवर गेली. शहराच्या पैशातून घेतलेल्या कलाकृतींची क्रिस्टीज या लिलाव कंपनीने किंमत केली, ४५ कोटी ४० लाख ते ८६ कोटी ७० लाख डॉलर. एकीकडे निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन, दुसरीकडे ब्रॉयगेलसारख्या जुन्या चित्रकाराचं चित्र. शेवटी मोठे न्यास, मिशिगन राज्य आणि खुद्द संग्रहालय यांनी मिळून ८१ कोटी ६० लाख डॉलरची सोय केली, ती पेन्शनकडे वळवली, आणि संग्रह शहराच्या हातून काढून स्वतंत्र ना-नफा संस्थेच्या नावावर केला. एकही चित्र विकलं गेलं नाही. मी ही गोष्ट भावनेसाठी सांगत नाही. मालकी कागदावर कुणाची आहे, हा प्रश्न त्या शहरात संकट आल्यावर विचारला गेला. तुम्ही तो रुजू व्हायच्या आधी विचारा. आपल्याकडे जुन्या संग्रहालयांत जमीन सरकारची, इमारत पालिकेची, चित्रं ट्रस्टची आणि काही चित्रं 'ठेवायला दिलेली' असा प्रकार असतो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे: २००३मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि त्यातून ती वास्तू पुन्हा उभी राहिली.

तुमचा मूळ प्रश्न, कंपनीतला अनुभव चालतो का. रोकडीचा अंदाज, कॉस्टिंग, खरेदीची शिस्त, हे सगळं चालतं आणि इथे त्याची फार गरज असते. चालत नाही ती भाषा. मी पहिल्या वर्षी एका प्रदर्शनाला 'लॉस मेकिंग' म्हटलं होतं. क्युरेटर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता मी म्हणते, "या प्रदर्शनाला मोकळ्यातले सहा लाख लागतील, चालेल का?" आकडा तोच, पण त्यावर चर्चा होते. आणि हो, ताण कमी नाही. टार्गेट नसतं हे खरं, त्यामुळे ते गाठून सुटकाही होत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. मोकळा पैसा किती महिने पुरेल. संग्रहाची प्रत्यक्ष मोजणी शेवटची कधी झाली. आणि देणग्यांची मूळ पत्रं कुठे आहेत. तिसऱ्याचं उत्तर "असतील कपाटात" असं आलं, तर कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेही विचारून घ्या. आमची किल्ली दोन महिन्यांनी सापडली, एका निवृत्त शिपायाच्या घरी, देव्हाऱ्यात.