ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या, म्हणजे शेवटच्या दिवसाच्या, तयारीची सुरुवात कोठून करावी?
अडचणीच्या काळासाठी धान्य, औषधे आणि थोडी बचत बाजूला ठेवणे हा अविश्वास ठरतो का, ही तुमची शंका रास्त आहे. पण बायबलमधील योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशात धान्य साठवले होते, तेव्हा ती चिंता सोडा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायातील, मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या धनवानाला देवाने मूर्ख म्हटले ते कोठारांमुळे नव्हे, तर त्या कोठारांच्या भरवशावर त्याने देवाचा विचारच सोडला म्हणून.

सुरुवातीला एवढेच करा: रोज ठरलेल्या वेळी प्रार्थना, एका शुभवर्तमानाचे (येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकाचे) क्रमाने वाचन, कोणाशी वैर असल्यास समेट, आणि साठ्यातला काही भाग गरजूंसाठी. समेट सर्वांत अवघड, म्हणून नवखे नेमका तोच पुढे ढकलतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शेवटच्या दिवसाची तारीख शोधत बसणे. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार (24:36) तो दिवस स्वर्गातील दूतांनाही ठाऊक नाही. दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दृष्टांतात झोप दहाही जणींना लागली होती, फरक होता तो दिव्यांसाठी सोबत घेतलेल्या तेलाचा, आणि ते ऐनवेळी उसने मिळाले नाही. प्रकटीकरणाचा, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, अभ्यास तूर्त राहू द्या. तो पुढे चर्चच्या पाळकांच्या सोबतीने करता येईल.