डब्यावरची साखर मोजून दाखवली म्हणून आलेली नोटीस

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राहते. आहारतज्ज्ञ असून माझे स्वतःचे छोटे सल्ला केंद्र आहे. मुलांना दुधात घालून देतात त्या एका प्रसिद्ध माल्ट पावडरीच्या डब्यावरील पोषणमूल्यांचा तक्ता वाचून दाखवणारा सहा मिनिटांचा व्हिडिओ मी समाजमाध्यमावर टाकला आणि तो पुष्कळ पाहिला गेला. आता कंपनीच्या दिल्लीतील वकिलांची नोटीस आली आहे. सात दिवसांत व्हिडिओ काढावा, सोबतच्या मसुद्यावर सही करून बिनशर्त माफी मागावी आणि दोन कोटी रुपये नुकसानभरपाई द्यावी, नाहीतर दिवाणी दावा आणि बदनामीची फौजदारी फिर्याद दाखल करू, असे त्यात म्हटले आहे. ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचाही आरोप आहे. घरचे म्हणतात, सही करून मोकळी हो. मी तर खरे तेच बोलले. मी काय करावे? मला अटक होऊ शकते का?

उत्तर : आपण नोटिशीची प्रत, डब्याची छायाचित्रे आणि व्हिडिओतील आपले बोलणे शब्दशः लिहून पाठवले, हे फार बरे केले, कारण "मी खरे बोलले" एवढ्या एका वाक्यावर या प्रकरणात निभाव लागणार नाही. सहा मिनिटांत आपण बरीच विधाने केली आहेत. त्यांतील बहुतेक पुराव्याने सिद्ध होतील, काही मत म्हणून टिकतील आणि तीन ठिकाणी आपली बाजू लंगडी आहे. ती तीन ठिकाणे आपणहून दुरुस्त करावीत आणि उरलेल्या व्हिडिओवर ठाम राहावे, असा माझा सल्ला आहे. माफीच्या मसुद्यावर मात्र सही करू नये.

प्रथम अटकेची भीती दूर करतो. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, आणि त्यातील सात दिवसांची मुदत ही पाठवणाऱ्याने स्वतः ठरवलेली मुदत असते. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. त्याला दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा असली, तरी तो अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकत नाहीत. कंपनीला स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे खासगी फिर्याद करावी लागेल, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे तिची दखल घेण्यापूर्वी आपले म्हणणे ऐकून घेणे दंडाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. तरीही नोटीस बाजूला टाकून गप्प बसू नका. पुढे दाव्यात "उत्तर देण्याचेही सौजन्य दाखवले नाही" हे वाक्य ठरलेले असते, आणि अंतरिम अर्जावर पहिल्या दिवशी त्याचा थोडाफार परिणाम होतोच.

आता आपल्या व्हिडिओकडे वळू. डब्यावर शंभर ग्रॅममागे ३२ ग्रॅम अतिरिक्त साखर छापली आहे आणि आपण ती तशीच वाचून दाखवली. "म्हणजे डब्यात जवळजवळ एक तृतीयांश साखरच आहे", हे आपले विधानही बरोबर आहे. कंपनीने स्वतः छापलेला आकडा कंपनीची बदनामी कशी करू शकतो, याचे उत्तर नोटिशीत कोठेही नाही. पण चौथ्या मिनिटाला आपण म्हणता, "रोज दोन कप म्हणजे चौसष्ट ग्रॅम साखर पोटात गेली." हे चूक आहे. त्याच डब्यावर एका वेळचे प्रमाण २० ग्रॅम दिले आहे. म्हणजे एका कपात ६.४ आणि दोन कपांत १२.८ ग्रॅम अतिरिक्त साखर जाते. शंभर ग्रॅमचा आकडा आपण एका कपाचा धरला आणि साखर पाचपट झाली. नोटीस लिहिणाऱ्याच्या नजरेतून हे सुटलेले दिसते, पण दावा तयार करणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. खरे तर योग्य आकडाही आपल्या मुद्द्याला पुरेसा आहे. लेबलवरील टक्केवारी काढताना अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग विनियमांनी अतिरिक्त साखरेची दैनंदिन मात्रा ५० ग्रॅम धरली आहे आणि तीही २००० किलोकॅलरींच्या, म्हणजे मोठ्या माणसाच्या आहारासाठी. त्यातील चौथा हिस्सा दोन कपांतच संपतो, आणि लहान मुलाची ऊर्जेची गरज याहून बरीच कमी असते. एवढे सांगितले असते तर कोणाला बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

दुसरे लंगडे ठिकाण म्हणजे, "हे पिऊन मुलांना मधुमेह होतो आणि कंपनी जाणूनबुजून विष पाजते आहे." यातील पहिला भाग हा एका विशिष्ट उत्पादनामुळे विशिष्ट आजार होतो असा वैद्यकीय दावा आहे आणि तो सिद्ध करण्याजोगा कागद आपल्याजवळ नाही. साखरेच्या अतिसेवनाचा वजनवाढीशी व दात किडण्याशी संबंध आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे आपण निश्चित म्हणू शकता. मात्र "या डब्यामुळे मधुमेह" हे त्याहून वेगळे विधान आहे. "विष" हा शब्द एक वेळ अतिशयोक्ती म्हणून खपेल, पण "जाणूनबुजून" या शब्दाने आपण कंपनीच्या हेतूवर बोट ठेवले आणि हेतू सिद्ध करण्याचा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला. फौजदारी कलमात सार्वजनिक हितासाठी केलेले सत्य विधान, सद्भावनेने केलेले विधान आणि लोकहितासाठी दिलेला इशारा असे अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात हे आपल्यालाच दाखवावे लागते. सद्भावना म्हणजे नुसते मन साफ असणे नव्हे. बोलण्यापूर्वी योग्य ती काळजी आणि खबरदारी घेतली होती का, हे न्यायालय पाहते.

तिसरे ठिकाण मला सर्वांत नाजूक वाटते आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेख ओघात एका ओळीत आला आहे. व्हिडिओच्या शेवटी आपण "त्यापेक्षा घरगुती नाचणी सत्त्व द्या" असे सांगून एक मोबाइल क्रमांक दिला, आणि तो आपल्या सख्ख्या बहिणीचा आहे, जी ते सत्त्व विकते. हे नाते आपण प्रेक्षकांना सांगितले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वस्तूची शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी प्रेक्षकाला अपेक्षित नसलेला संबंध असेल, तर तो उघड करावा लागतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, या एका क्रमांकाने आहारतज्ज्ञाची टीका प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीसारखी दिसू लागते. आपला माल उत्तम आहे असे कोणीही म्हणावे, पण त्यासाठी दुसऱ्याच्या मालाला नावे ठेवू नयेत, हे जाहिरातींबाबतचे जुने आणि पक्के सूत्र आहे. तो भाग आजच कापा. आणि जाता जाता, बहिणीच्या पाकिटाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी व नियमाप्रमाणे लेबल आहे ना, हेही पाहून घ्या, कारण समोरचा वकील पहिल्याच आठवड्यात ते पाकीट मागवून घेईल.

या दुरुस्त्यांनंतर उरलेल्या व्हिडिओला कायद्याचा आधार चांगला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात, प्रसिद्ध झालेला मजकूर दाव्याची सुनावणी पूर्ण होण्यापूर्वीच काढायला लावणारे मनाई हुकूम केवळ अपवादात्मक परिस्थितीतच द्यावेत, असे बजावले आहे. मोठ्या आर्थिक बळाचे पक्षकार लोकांचे बोलणे थांबवण्यासाठी दावे लावतात, याचीही दखल त्या निकालात आहे. आपल्या विषयाला अधिक जवळचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये व्हे प्रोटीन विकणाऱ्या एका कंपनीला समीक्षकांच्या व्हिडिओंविरुद्ध अंतरिम मनाई नाकारण्यात आली, आणि त्या समीक्षकांनी आपल्या बोलण्याला प्रयोगशाळेच्या अहवालांचा आधार दिला होता ही गोष्ट तेथे मोलाची ठरली. याउलट मॅरिको कंपनीच्या खोबरेल तेलासंबंधी एका यूट्यूबरने केलेला व्हिडिओ काढण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी जानेवारी २०२० मध्ये दिला होता. ज्याचे बोलणे लोक विश्वासाने ऐकतात त्याची जबाबदारी सामान्य माणसापेक्षा अधिक असते, असे त्यात म्हटले आहे. पुढे खंडपीठाने काही बदल करून तो व्हिडिओ पुन्हा दाखवण्याची मुभा दिली. आपण नावापुढे आहारतज्ज्ञ लावता, त्यामुळे हे वाढीव जबाबदारीचे मोजमाप आपल्यालाही लावले जाईल, असे धरूनच चला.

ट्रेडमार्कचा आरोप मला कायद्यापेक्षा डावपेचाचा भाग वाटतो. ज्या वस्तूविषयी बोलायचे तिचे नाव घेणे आणि डबा दाखवणे हे त्या चिन्हाखाली स्वतःचा माल खपवणे नव्हे, आणि प्रामाणिक व्यवहारातील वापराला कायद्याच्या कलम ३० चे संरक्षण आहे. मग तो आरोप कशासाठी? बदनामीचा दावा साधारणपणे प्रतिवादी जेथे राहतो किंवा जेथे नुकसान झाले तेथे लावावा लागतो. ट्रेडमार्कच्या दाव्यात मात्र कलम १३४ मुळे वादी आपल्या सोयीचे न्यायालय गाठू शकतो. सांगलीऐवजी दिल्लीच्या तारखा सुरू झाल्या की निम्मी माणसे खर्चाच्या धास्तीनेच तडजोड करतात.

आता त्या माफीच्या मसुद्याविषयी. घरच्यांना तो एक कागद वाटतो, म्हणून त्यातील दोन कलमे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. कलम २ म्हणते, "मी द्वेषबुद्धीने व खोटी असल्याचे ठाऊक असूनही माहिती पसरवली." ही तर गुन्ह्याची कबुलीच झाली. आणि त्या कागदावर कंपनी फिर्याद करणार नाही असे कोठेही लिहिलेले नाही. कलम ५ म्हणते, "यापुढे कंपनीच्या कोणत्याही उत्पादनाविषयी कोणत्याही माध्यमातून भाष्य करणार नाही." उद्या केंद्रात आलेल्या एखाद्या आईने डबा पुढे करून "हे देऊ का?" असे विचारले, तर उत्तर देणे हाही हमीचा भंग ठरेल. आपल्या व्यवसायाचा गळाच त्या कलमात अडकतो.

अशा माफीने विषय मिटतो असेही नाही. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातील साखरेविषयी केलेला व्हिडिओ कायदेशीर नोटीस आल्यावर काढून टाकला आणि माफीही मागितली, पण चर्चा थांबली नाही. त्याच महिन्यात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने बोर्नव्हिटाच्या कंपनीकडे खुलासा मागितला. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना दुग्धजन्य, धान्याधारित व माल्टयुक्त पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली न विकण्यास सांगितले, आणि पाठोपाठ वाणिज्य मंत्रालयानेही तशीच सूचना काढली. 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच अन्न सुरक्षा कायद्यात नाही, हे त्यामागचे कारण. आपल्या उत्तरात हा सारा घटनाक्रम एका परिच्छेदात जरूर यावा, कारण विषय सार्वजनिक हिताचा आहे हे त्याने सहज दिसते.

कंपनीचीही काही उत्तरदायित्वे आहेत, पण ती स्वतंत्रपणे हाताळा. आपण पाठवलेल्या जाहिरातीत "उंची दुपटीने वाढते" असा दावा आहे. २०१८ च्या जाहिरात व दावे विनियमांप्रमाणे अशा दाव्याला शास्त्रीय आधार असावा लागतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही तेवढाच दंड करू शकते. याची तक्रार सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येईल. डब्यातील माल तपासून घ्यायचा असेल तर कलम ४० खाली खरेदीदाराला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. पण "नोटीस मागे घ्या, नाहीतर तक्रार करीन" असे वाक्य उत्तरात चुकूनही घालू नका. त्याने तक्रारीचे वजन जाते आणि आपल्या सद्भावनेवर नसता शिंतोडा उडतो.

तेव्हा या चार दिवसांत मूळ व्हिडिओची अखंड फाइल, ती ज्या फोनवर चित्रित केली तो फोन, बॅच क्रमांक दिसणारा डबा आणि खरेदीची पावती जपून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. फाइल सुरक्षित झाल्यावरच सध्याचा व्हिडिओ उतरवा. दोन कपांचा आकडा दुरुस्त करून, मधुमेह व 'जाणूनबुजून' ही वाक्ये आणि मोबाइल क्रमांक वगळून तो पुन्हा टाका, आणि खाली "आधीच्या चित्रफितीत दोन कपांतील साखर ६४ ग्रॅम सांगितली होती, ती १२.८ ग्रॅम आहे" अशी सरळ नोंद करा. ही दुरुस्ती आपली, आपल्या शब्दांत आणि आपल्या कारणासाठी असावी. तिच्यात माफीची भाषा नको.

नोटिशीचे उत्तर वकिलामार्फत, सर्व हक्क अबाधित ठेवून, पोचपावतीसह टपालाने आणि ईमेलने पाठवा. त्यात विधानवार आधार द्या, दुरुस्ती केल्याचे कळवा आणि दोन कोटींच्या नुकसानीचा हिशेब मागा. कारण या पावडरीचा खप आपल्या बोलण्यामुळे किती घटला, याचा एकही आकडा नोटिशीत नाही. त्याच दिवशी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात आणि दिल्ली उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करा, म्हणजे आपल्याला न ऐकता एकतर्फी मनाई हुकूम होण्याचा धोका कमी होतो. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते. तोपर्यंत दावा आला नाही तर ते नव्याने दाखल करावे. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची आहे. मूळ व्हिडिओबाबतची ती तारीख उलटेपर्यंत हा खर्च आपल्याला सोसावा लागेल, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवलेले बरे.